बाईक टॅक्सी आणि काळी-पिवळी, दोन्ही 'टॅक्सी'च ना?

मुंबईत सध्या जो तो सांगतो की बाईक टॅक्सी अर्ध्या पैशात नेते, मग काळी-पिवळी करायची कशाला. अर्ध्या पैशात हे खरंय, पण एकटे असाल तरच. हिशोब बघा, फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीला पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६, आणि त्याच वर्षी सरकारने ई-बाईक टॅक्सीचं ठरवलं १५ आणि पुढे १०.२७. म्हणजे दादर स्टेशनवरून पाच किलोमीटर जायचं तर टॅक्सीचे साधारण १०३ होतात, बाईकचे ५१. आता सोबत आई असली तर दोन बाईक कराव्या लागणार, झाले १०२, आणि तिघंचौघं असलात तर टॅक्सीच स्वस्त पडते, वर पिशव्या ठेवायला जागा आणि पावसात डोक्यावर छप्पर. त्यामुळे बाईकने टॅक्सीचं सगळं गिऱ्हाईक पळवलं असं नाहीये, ऑफिसला जाणारा एकटा माणूस पळवलाय. सकाळचा धंदा त्याच माणसावर असेल तर टॅक्सीवाला चिडणारच ना.

दुसरा घोळ नंबर प्लेटचा, आणि मला हा जास्त महत्त्वाचा वाटतो. राज्याच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे बाईक टॅक्सी इलेक्ट्रिकच लागते, तिची प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी (हिरव्यावर पांढरी अक्षरं असली तर ती खाजगी इलेक्ट्रिक). काळी-पिवळीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. आणि पांढरी प्लेट म्हणजे कुणाची तरी घरची गाडी, ती टॅक्सी नाहीच. मागे मी बोलावलेली बाईक अशीच पांढऱ्या प्लेटची पेट्रोलवाली आली, हेल्मेट दिलं त्याचा पट्टाच लागेना, प्रभादेवीपर्यंत ते एका हाताने धरून बसले. पोरगा चांगला होता, कॉलेज करून चालवतो म्हणाला. पण वाटेत काही झालं असतं तर, घरची गाडी भाड्याने चालवली म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते, मग तो आणि मी दोघंही उघड्यावर.

टॅक्सीवाला परमिट, बॅज, फिटनेस, मीटर सगळं करून स्टँडवर उभा असतो, त्याचा पांढऱ्या प्लेटवरचा राग मला शंभर टक्के पटतो. हिरव्या प्लेटवाल्यावरचा नाही पटत, त्यानेही परवाना काढलाय. आता बाईक आली की मी आधी प्लेट बघते, पांढरी असली तर सरळ कॅन्सल.