फुलावर बसणारा आणि परागीभवन घडवणारा

फुलावर माशी बसलेली दिसली की परागीभवन झाले, असे मानण्याची सवय आपल्याकडे फार खोल रुजली आहे. कृषी मेळाव्यातील भाषणे, शाळेच्या भिंतीवरचे तक्ते, वृक्षारोपणाच्या वेळचे फलक, सगळीकडे ‘फुलांना भेट देणारे कीटक’ आणि ‘परागीभवन करणारे कीटक’ हे शब्द एकाच अर्थाने वापरलेले आढळतात. ही केवळ भाषेतली ढिलाई असती तर मी एवढे लिहिले नसते. या गल्लतीमुळे शेतकऱ्याचा पैसा चुकीच्या ठिकाणी खर्च होतो आणि रानातल्या वनस्पती वाचवण्याचे प्रयत्नही भरकटतात, म्हणून हा खटाटोप.

परागीभवन म्हणजे काय हे वाचकाला ठाऊक आहे: परागकोशातील (फुलाच्या नर-अवयवावरच्या परागाच्या पिशवीतील) परागकण कुक्षीवर, म्हणजे स्त्री-अवयवाच्या टोकावर, पोहोचणे. त्यानंतर परागकणातून निघालेली परागनलिका बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचे पुढे बी होते तिथपर्यंत, वाढते आणि फलन होते. हे दोन टप्पे वेगळे आहेत. स्वपरागीभवन व परपरागीभवन हा भेदही शाळेतच शिकवला जातो. त्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

खरा घोटाळा पळसाखाली उभे राहिल्यावर कळतो. मराठवाड्यात फाल्गुनाच्या सुमारास पानगळ झालेला पळस केशरी फुलांनी भरतो आणि त्यावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल अशा पक्ष्यांची रीघ लागते. पाहणारा सहज म्हणतो की हे सारे पक्षी पळसाचे परागीभवन करतात. दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये पळसाच्या प्रजननाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना फुलांवर येणाऱ्या सात जातींच्या पक्ष्यांपैकी एकच जात परिणामकारक परागवाहक, म्हणजे परागीभवन घडवणारी, आढळली, ती म्हणजे जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला हे काम नीट करताना आढळली ती खार, जिला परागवाहकांच्या कोणत्याही तक्त्यात सहसा जागा मिळत नाही. उरलेले पक्षी फुलावर येत होते, पण पळसाच्या बीजधारणेत त्यांचा वाटा नगण्य होता.

असे का होते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळी गोम इथेच आहे. फुलावर येणाऱ्याला मकरंद किंवा पराग खायचा असतो. झाडाचे बी धरावे, असा त्याचा काही हेतू नसतो. तो परागवाहक ठरण्यासाठी त्याचे अंग आधी परागकोशाला आणि नंतर कुक्षीला लागले पाहिजे, म्हणजे त्याच्या शरीराचे माप, त्याची बसण्याची पद्धत आणि फुलाची घडण यांचा मेळ बसला पाहिजे. कुक्षी ज्या काळात पराग स्वीकारण्यास तयार असते, त्याच काळात तो आला पाहिजे. शिवाय त्याच्या अंगावर त्याच जातीचे परागकण असले पाहिजेत आणि पुष्कळदा ते दुसऱ्या झाडावरून आलेले असावे लागतात. पळस स्वतःचे पराग पूर्णपणे नाकारत नाही, तरी परक्या झाडाच्या परागांनी त्याला शेंगा अधिक धरतात. त्यामुळे दिवसभर एकाच झाडावर ठाण मांडून बसणारा पक्षी फुलाफुलांतून कितीही हिंडला तरी पळसाला त्याचा उपयोग थोडाच. यांतली एकही अट चुकली तर येणारा केवळ पाहुणा राहतो, आणि मकरंद नेऊन परतफेड न करणारा असेल तर चोर ठरतो.

याचे दुसरे उदाहरण माळरानावरच्या तरवडाचे. तरवडाच्या पिवळ्या फुलात मकरंद नसतो आणि त्याचे परागकोश लांबीत उकलत नाहीत. टोकाच्या बारीक छिद्रातून पराग बाहेर पडतात, तेही हादरा बसल्यावर. काळा सुतार भुंगा फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू विशिष्ट वेगाने थरथरवतो, तेव्हा आखूड पुंकेसरांतले (नर-अवयवांतले) पराग त्याच्या खाण्यासाठी सुटतात आणि लांब पुंकेसरांतले त्याच्या अंगावर उडतात. पुढच्या फुलाच्या कुक्षीपर्यंत जातात ते हे दुसरे. मधपेटीतल्या मधमाशीला अशी थरथर करता येत नाही. तरवडाच्या फुलावर ती दिसते, पण भुंग्याच्या मागे सांडलेले पराग वेचायला. वांगी आणि टोमॅटो यांच्या परागकोशांचीही अशीच रचना आहे. ती फुले स्वतःच्या परागाने फळतात खरी, परंतु पराग सुटायला हादरा लागतोच, मग तो वाऱ्याचा असो वा भुंग्याचा.

आता हाच सुतार भुंगा लांब नळीच्या फुलापाशी गेला की पुष्कळदा नळीच्या बुडाला भोक पाडून मकरंद ओढतो. परागकोश आणि कुक्षी वर राहतात, भुंगा खालच्या खाली काम उरकतो. तरवडाचा परागवाहक तिथे चोर होतो. म्हणून ‘भुंगा परागवाहक आहे का’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कोणत्या फुलाचा, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. परागवाहक ही पदवी एखाद्या जीवाला कायमची चिकटलेली नसते. एका जीवाच्या आणि एका फुलाच्या जोडीपुरती ती खरी असते. एवढे लक्षात आले की बाकीचे आपोआप सुटते.

शेतीतला सर्वांत खर्चिक गैरसमज बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या सीताफळाबद्दल आहे. बागेत मधपेट्या ठेवल्या की फळधारणा वाढेल, असा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी मला तो खोडून काढावासा वाटला आहे. सीताफळाचे फूल आधी स्त्री-अवस्थेत असते आणि नंतर नर-अवस्थेत जाते, त्यामुळे त्याचे स्वतःचे पराग सुटतात तोवर त्याच्या कुक्षीची वेळ टळून गेलेली असते. त्याच्या जाड पाकळ्या पुरत्या उघडत नाहीत. त्यांच्या फटीतून आत शिरतात ते बारीक भुंगेरे. पराग अंगावर घेऊन एका फुलातून दुसऱ्या फुलात जाण्याचे काम तेच करतात. मधमाशी या फुलाच्या वाटेला जात नाही. हे भुंगेरे कमी असतील तर ब्रशने हाताने परागीकरण करणे हा खरा उपाय आहे, मधपेटी हा नव्हे. सूर्यफुलाला मात्र मधपेटीचा लाभ निःसंशय होतो, आणि मधमाश्या कमी असताना तळहाताला मऊ कापड गुंडाळून फुलाच्या तबकावरून फिरवण्याची पद्धतही आपल्याकडे परिचित आहे. त्या क्षणी परागवाहक तो हात असतो. कपाशीबद्दल एवढेच सांगतो की तिच्या पानांच्या मागच्या शिरेवरही मधुरसाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे कपाशीच्या रानात माश्या घोंघावताना दिसल्या तरी त्या फुलापर्यंत जातात की नाही, हे वाकून पाहावे लागते.

उत्क्रांतीच्या संदर्भातही हाच भेद कळीचा आहे. ज्या जीवामुळे बी अधिक धरते, त्याला अनुकूल असे फुलाचे रूप पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि पसरते. नुसती गर्दी करणाऱ्यांना हे सामर्थ्य नसते. मादागास्करमधील एका पांढऱ्या ऑर्किडची मकरंदनळी सुमारे ३० सेंटिमीटर लांब असल्याचे पाहून चार्ल्स डार्विनने १८६२ मध्ये लिहिले की तेवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असला पाहिजे. १९०३ मध्ये अशा पतंगाला शास्त्रीय नाव मिळाले. आखूड सोंडेच्या कितीही माश्या त्या फुलावर येऊन गेल्या असत्या, तरी ती नळी तेवढी लांबली नसती. चोरांचा प्रभाव मुळीच नसतो असे मात्र नाही. बुडाला भोक पाडणाऱ्यांपासून मकरंद जपणारे जाड पुष्पकोश (फुलाच्या बुडाचे हिरवे आवरण) काही वनस्पतींत टिकून राहतात, त्यामागे हा त्रास असू शकतो. परागवाहक फुलाला आमंत्रण देण्याच्या दिशेने घडवतो आणि चोर बचावाच्या दिशेने, म्हणूनच दोघांना एका यादीत टाकल्यास फुलाचा कोणता भाग कशासाठी आहे हेच कळेनासे होते.

उंबर फोडले की आतून केंबरे बाहेर पडतात, हे प्रत्येकाने पाहिले आहे. त्यांत उंबराच्या आत दडलेली फुले खरोखर फळवणारी एकच इवली गांधीलमाशी प्रमुख असते, जी उंबराच्या तोंडाशी असलेल्या छिद्रातून आत शिरते. तिच्याच सोबत वाढणाऱ्या इतर जाती बाहेरूनच लांब नळीने आत अंडी घालतात आणि पराग वाहून आणत नाहीत. उंबराच्या आत जन्मलेले सारे उंबराच्या कामाचे, हे गणित तिथेही चुकते.

आता संवर्धनाबद्दल. जगातील सुमारे ८७ टक्के सपुष्प वनस्पतींना परागीभवनासाठी प्राण्यांचा आधार लागतो, असा २०११ मधला अंदाज आहे. हा आकडा सांगून लगेच ‘मधमाश्या वाचवा’ म्हणत मधपेट्या वाटणे मला मान्य नाही. आपल्याकडे ज्या इटालियन मधमाशीच्या पेट्या फिरवल्या जातात, ती युरोपातली जात १९६२ मध्ये भारतात यशस्वीपणे रुजवली गेली. मध आणि सूर्यफूल यांसाठी ती जरूर पाळावी, पण तिने तरवडाचा भुंगा, पळसाचा शिंजीर किंवा सीताफळाचा भुंगेरा यांची जागा भरून निघत नाही. उलट मर्यादित फुलोऱ्यावर पेट्यांची गर्दी झाली तर स्थानिक माश्यांचे अन्न कमी होऊ शकते.

झाड उभे आहे आणि फुलते आहे, एवढ्यावर ते सुरक्षित आहे असेही समजू नये. दीर्घायुषी झाडाचा परागवाहक नाहीसा झाला तरी ते अनेक वर्षे फुलत राहते. फक्त त्याच्याखाली नवी रोपे दिसेनाशी होतात. त्यामुळे एखाद्या वनस्पतीची स्थिती जाणून घ्यायची असेल तर फुलांवरची वर्दळ मोजून थांबू नये. काही कळ्यांना उमलण्याआधी जाळीची पिशवी बांधावी, फूल उमलल्यावर एकाच पाहुण्याला एकदा बसू द्यावे, पिशवी पुन्हा बांधावी आणि शेंग किंवा फळ धरते का ते पाहावे. एकाही पाहुण्याला बसू न दिलेली काही फुले शेजारी ठेवली म्हणजे तुलना करता येते.

आणि ज्यांचे काम असे सिद्ध होते, त्यांच्या राहण्याच्या जागा जपाव्यात. सुतार भुंगा वाळलेल्या लाकडात आणि बांबूत घर करतो, एकटी राहणाऱ्या अनेक माश्या बांधाच्या उघड्या, न नांगरलेल्या मातीत बिळे करतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात बांध पेटवण्याची आणि बांधावरचे वाळके खोड सरपणासाठी उचलण्याची प्रथा आहे. प्रत्येक शिवारात बांधाचा थोडा पट्टा न पेटवता आणि एखादे वाळके खोड न तोडता राखले, तर तरवडाच्या पुढच्या फुलोऱ्याला हादरा देणारा भुंगा त्याच शिवारात वाढू शकेल.