हरळी कापायची कशानं?

पालमचे मामा परभणीला आले तेव्हा मी अंगणातल्या लॉनला पाणी देत होतो. मामांनी चप्पल काढली, वाकून एक दांडी उपटून पाहिली. म्हणाले, “आमची हयात हरळीच्या काशा वेचण्यात गेली, अन् तू तिला पाणी घालायलास?”

काशा म्हणजे हरळीच्या जमिनीतल्या चिवट दांड्या. मामांचं खरं होतं. नर्सरीवाला बर्म्युडा ग्रास म्हणून देतो ती हरळीच, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिच्या ज्या चिवटपणानं शेतकरी रडतो, त्याच चिवटपणावर लॉन उभं असतं. गवताचं पान नखासारखं बुडाकडून वाढतं. वरचं टोक कापलं तरी खालून ते पुढे सरकत राहतं. नवे कोंब फुटतात ते जमिनीलगतच्या आडव्या दांड्यांच्या पेऱ्यांवर, तिथपर्यंत ना गाईचे दात पोचतात ना यंत्राचं पातं. मात्र एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये. अन्न तयार करणारी हिरवी पानंच गेली, की नवी पानं काढायला गवताला साठवणीतलं मोडून खावं लागतं.

गवत कापायचं पहिलं यंत्र 1830 साली इंग्लंडात एडविन बडिंग या कारागिरानं केलं. लोकरी कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्याला ते सुचलं. फिरत्या दंडगोलावरची पाती खालच्या स्थिर पात्यावरून सरकतात आणि गवत मधे सापडतं, म्हणजे कात्रीच. आजही हातानं ढकलायची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. चाकं फिरली की पाती फिरतात, आपण थांबलो की तीही थांबतात. पाती नीट जुळली आहेत का, हे पाहायला वर्तमानपत्राची पट्टी मधे धरून दंडगोल हातानं हळूच फिरवावा, बोटं लांब ठेवून. पट्टी सरळ तुटली तर ठीक. नुसती दुमडली तर ते यंत्र दुकानातून उचलू नये.

विजेच्या आणि पेट्रोलच्या बहुतेक यंत्रांत मात्र पंख्यासारखं आडवं पातं असतं. ते कातरत नाही, वेगानं हाणतं. 40 सेंटिमीटरचं पातं मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जातो. अंगणात मुरूम टाकलेला असेल तर खडा कुठल्या कुठे उडतो, म्हणून पोरं जवळ नकोत. धार गेली की पातं गवत कापण्याऐवजी फाडतं, आणि दोन दिवसांत सगळे शेंडे तपकिरी दिसतात. लोक मग पाणी कमी पडलं म्हणून नळी सोडतात!

मग घ्यावं कोणतं? आधी लॉन मोजा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपल्या भागात लॉन छोटंच शोभतं. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. एक फूट रुंदीच्या यंत्रानं तेवढं कापायला पट्ट्यावर पट्टा धरून चारेकशे मीटर चालावं लागतं. एवढ्यासाठी पेट्रोल, प्लग, कार्ब्युरेटरचा संसार कशाला? वायरवालं यंत्र ओल्या गवतात नको. बॅटरीचं चांगलं, पण एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली तर तिचं आयुष्य घटतं. मी हातानं ढकलायचं घेतलं.

त्याची खोड आषाढात कळली. लग्नकार्यात पंधरा दिवस कापणी राहिली आणि गवत वीतभर झालं. यंत्र पुढे गेलं की गवत लवून नमस्कार करायचं आणि मागून पुन्हा उभं! शेवटी शेजाऱ्याचा ब्रश कटर आणून एकदम बुडापर्यंत उतरवलं, तर खाली नुसत्या पिवळ्या दांड्या. दोन-तीन टप्प्यांत उतरवायला हवं होतं. शिवाय काळी माती ओली असली की चाकांना लाडवासारखी चिकटते, तेव्हा वाफसा आल्याशिवाय, म्हणजे मातीतली जास्तीची ओल ओसरल्याशिवाय, यंत्र काढायचं नाही. उन्हाळ्यात गवत जरा उंच ठेवलं की मातीवर सावली राहते.

कापलेलं बारीक गवत मी तिथंच पसरू देतो, कुजून नत्र मातीत परत जातं. मामांना ते पटलं नाही. जाताना त्यांनी युरियाचं रिकामं पोतं मागून घेतलं, गवत दाबून भरलं आणि एसटीत म्हशीसाठी घेऊन गेले.