कामठीच्या दगडातलं पान

संत्र्याचं एक पान तोडा आणि उन्हाकडे धरून बघा. टाचणीनं टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या आहेत. पान चुरगळलं की वास येतो तो त्यांच्यातूनच. आता लिंबाचं, बेलाचं, कवठाचं पान धरा. तेच ठिपके. फोडणीत पडणाऱ्या गोडलिंबाच्या पानातही तेच. कडुलिंबाच्या पानात मात्र ते सापडणार नाहीत. नाव जवळचं, पानांची ठेवणही बरीचशी सारखी, तरी गोडलिंब हा संत्र्याच्या कुळातला आहे आणि कडुलिंबाचं कूळ वेगळं.

वनस्पतींचं वर्गीकरण म्हटलं की शाळेतले पाठ केलेले तक्ते आठवतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. कारण तो खरं तर वंशावळीचा शोध आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1753 साली फुलातले पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले. नाव शोधायला ती पद्धत सोयीची होती, पण गावातल्या माणसांची नोंद उंचीप्रमाणे केली तर भाऊ एका पानावर आणि बहीण दुसऱ्याच पानावर जाते, तसं तिचं होई. पुढे उत्क्रांतीचा विचार रुजला आणि प्रश्नच बदलला: कोण कुणासारखं दिसतं याऐवजी कोण कुणाच्या पोटचं? 1998पासून फुलझाडांची कुळं प्रामुख्यानं डीएनएच्या आधारानं नव्यानं मांडली गेली आणि बरीच जुनी घरं मोडली. आपल्या जंगलातला साग तुळशीच्या कुळात आला. सागाची कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा, तुळशीच्या दांड्यासारखीच चौकोनी लागते.

तलावातला घोळ तर याहून सुंदर आहे. कमळ आणि कुमुद ही दोन्ही पाण्यातली, देखणी, म्हणून कितीतरी काळ एकाच घरात बसवलेली. डीएनएनं सांगितलं की कमळाचं जवळचं नातं काश्मीरच्या चिनाराशी आहे! कुमुदाची शाखा फुलझाडांच्या वंशवृक्षावर अगदी बुडाशी फुटलेली. आणि त्याच तलावातला शिंगाडा हा मेंदी आणि डाळिंबाच्या कुळातला. पाण्यात राहायचं तर देठात हवेच्या पोकळ्या लागतात, त्या तिघांनी आपापल्या वाटेनं मिळवल्या.

पण कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या झाडाचं डीएनए वाचता येत नाही. मधल्या मधे संपलेल्या पिढ्यांसाठी दगडाकडेच जावं लागतं, आणि त्या बाबतीत नागपूरकर भाग्यवान आहेत. शहरापासून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरवरच्या कामठीच्या नावानं भूवैज्ञानिक एका खडकसमूहालाच ओळखतात. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणलेल्या वाळू-चिखलाचे हे थर. त्यात जिभेसारखी लांबट पानं उमटली आहेत: मधोमध जाड शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. हे ग्लॉसॉप्टेरिस. ग्रीकमध्ये ‘जिभेसारखा नेचा’. नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप (शहरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं) यांनी इथले जीवाश्म गोळा केले, रॉबर्ट हंटर यांच्यासह 1855मध्ये त्यावर लिहिलं, आणि इथली पानं 1861मध्ये चार्ल्स बनबरी यांनी वर्णन करून प्रसिद्ध केली. पुढे 1863 साली टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात हिस्लॉप गेले.

नावात नेचा असला तरी ते नेचे नव्हते. 1952मध्ये दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांनी याच पानांना जोडलेले प्रजननाचे अवयव दाखवले. म्हणजे हे बिया धरणारं झाड, तेही वृक्ष. अशी जड बी समुद्र ओलांडून जाणं अवघड, तरी हीच पानं आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सापडतात. अंटार्क्टिकातही. 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख स्कॉट आणि त्यांचे सोबती गारठून मेले. त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड होते आणि त्यांत ग्लॉसॉप्टेरिस निघालं. जीव जातोय तरी त्यांनी ते ओझं टाकलं नव्हतं. हे सगळे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, आणि त्या जोडभूमीला नाव मिळालं आपल्या गोंडांच्या मुलखावरून: गोंडवाना.

त्या जंगलात उभं राहिलो तर काय दिसलं असतं, हा विचार मी अनेकदा करतो. एकही फूल नाही. गवताचं पातं नाही. हंगामात गळालेल्या पानांचा खच मात्र भरपूर. कामठीच्या थरांखाली, आणखी जुन्या दलदलींत असाच खच साचत, दबत गेला आणि त्याचा दगडी कोळसा झाला. आपल्या घरातला दिवा त्या पानांवर जळतो.

25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशात ग्लॉसॉप्टेरिसची जंगलं संपली. पुढे सूचिपर्णी आणि सायकसच्या घराण्यांचं राज्य आलं आणि सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वी फुलझाडं दिसू लागली. गवत मात्र डायनोसॉर गेल्यावर वाढलं, असा समज होता. तो मोडला चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा या गावानं. तिथे डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. ज्वारीच्या पात्यानं बोट कापतं ते त्यातल्या सिलिकामुळे, म्हणजे वाळूत असतं त्याच द्रव्यामुळे. पान कुजलं तरी पेशीत साचलेले सिलिकाचे कण टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचा गट ओळखता येतो. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005मध्ये त्या गोळ्यांत निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण दाखवले. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड ज्या लाव्हापर्वात तयार झाला, त्याच सुमाराचं ते शेण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं.

2011मध्ये त्याच ठिकाणच्या नमुन्यांत आणखी एक घराणं ओळखू आलं: धानाचं. भंडारा-गोंदियाच्या बांध्यांत आज जे डोलतं, त्याच्या घराण्यातलं गवत डायनोसॉर इथल्याच मातीत चरत होते.