पेटंटचा क्लेम: आधी शब्दाचा अर्थ पक्का करा, मग जुनं काम शोधा

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडची इंजिनिअरिंगची पोरं हल्ली ठिबकचे ऑटोमॅटिक कंट्रोलर बनवायलेत, आणि पेटंट टाकायचं म्हणलं की जुने पेपर काढून आपल्या मशीनशेजारी ठेवून बघतात, सारखं दिसलं की हिरमुसतात, वेगळं दिसलं की खूश. पण तुलना मशीनची नसतीच, क्लेमची असती. १९७० च्या पेटंट कायद्यात कलम १० नुसार संरक्षण कुठपर्यंत हे क्लेम, म्हणजे अर्जातली हक्क सांगणारी वाक्यं, ठरवतात, खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखं.

समजा क्लेम असाय: जमिनीतली ओल मोजणारा सेन्सर, आणि त्याचं रीडिंग रिअल टाइममध्ये वाचून व्हॉल्व्ह उघडणारा प्रोसेसर. जुन्या पेपरात सेन्सर आहे, प्रोसेसर आहे, व्हॉल्व्हपण आहे, पण रीडिंग दर अर्ध्या तासाला. मग नावीन्य गेलं का राहिलं? सगळं 'रिअल टाइम'वर अडलंय. कॉम्प्युटरवाल्यांच्या हिशोबानं ठरलेल्या मुदतीत काम झालं की ते रिअल टाइम, मुदत मिलिसेकंदाची असो नाहीतर अर्ध्या तासाची, आणि हा अर्थ धरला तर एकाच पेपरात क्लेममधलं सगळंच आलं, नावीन्य संपलं. अर्जातल्या वर्णनात मात्र 'रिअल टाइम म्हणजे दोन सेकंदांच्या आत' अशी सरळ व्याख्या दिली असेल तर तो पेपर एकटा पुरत नाही, मग वाद जातो इन्व्हेंटिव्ह स्टेपवर, म्हणजे हा बदल जाणकाराला सहज सुचला असता का यावर. आणि 'उदाहरणार्थ दोन सेकंद' एवढंच लिहिलं असेल तर? ते उदाहरणच राहतं, क्लेमला बांधत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

अमेरिकेत तपासणी चालू असताना शब्दाचा वाजवी तेवढा रुंद अर्थ धरतात, कारण अर्जदाराला क्लेम दुरुस्त करायची संधी अजून असती. कोर्टात २००५ च्या फिलिप्स निकालापासून आधी क्लेम, वर्णन आणि पेटंट ऑफिसशी झालेला पत्रव्यवहार बघतात, डिक्शनरीचं वजन त्यामानानं कमी.

रुंद अर्थ अंगावर पण येतो. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचं, म्हणजे एनिअ‍ॅकचं पेटंट १९६४ ला मिळालं, त्याच्या जोरावर स्पेरी रँड कंपनी बाकी कॉम्प्युटरवाल्यांकडं रॉयल्टी मागत होती. १९७३ ला कोर्टानं ते रद्द केलं. कारणं बरीच होती, त्यातलं एक असं की 'ऑटोमॅटिक इलेक्ट्रॉनिक डिजिटल कॉम्प्युटर' ही कल्पना अमेरिकेतल्या आयोवाच्या प्राध्यापक अ‍ॅटानासॉफ यांच्याकडून आलेली. त्यांचं मशीन फक्त समीकरणं सोडवायचं, पण एवढ्या रुंद शब्दात ते आरामात बसतं. दुसऱ्याला पकडताना रुंद आणि जुन्या कामापासून वाचताना अरुंद, असं एकाच शब्दाचं करता येत नाही.

म्हणून सर्च करायच्या आधीच तक्ता करा, क्लेममधला एकेक शब्द, शेजारी त्याचा अर्थ, आणि तो वर्णनात कुठल्या पानावर आहे ते. पान सापडत नसेल तर व्याख्या आत्ताच लिहून टाका, कारण कम्प्लीट स्पेसिफिकेशन (वर्णन आणि क्लेम असलेला पूर्ण दस्तऐवज) एकदा दाखल झालं की कलम ५९ मुळं त्यात मूळात नसलेला नवा मजकूर घालता येत नाही.