दात दिसले म्हणजे हसू नव्हे

बालवाडीत कुत्रा आणला, अशी बातमी आली की सोबत एक फोटो हमखास असतो. चार-पाच वर्षांचं मूल कुत्र्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून, गालाला गाल लावून बसलेलं. खाली 'किती गोड!' असे शेरे. हा फोटो एकदा मोठा करून नीट पाहा. बहुतेक वेळा कुत्र्याने मान मुलाच्या विरुद्ध दिशेला वळवलेली असते. तोंड घट्ट मिटलेलं, जिभेचं टोक नाकावर, कान मागे ओढलेले आणि डोळ्याच्या कडेला पांढऱ्या भागाची कोर दिसतेय. तो कुत्रा अवघडला आहे आणि त्याच्या परीने 'जरा सोडा मला' असं सांगतो आहे.

बालवाडीत कुत्रा असावा, असंच माझं मत आहे आणि त्याला आधारही आहे. व्हिएन्नातल्या जीवशास्त्रज्ञ कुर्ट कोट्रशाल आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2003 मध्ये पहिलीच्या एका वर्गाचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. वर्गात 24 मुलं होती. महिनाभर कुत्र्याविना आणि महिनाभर कुत्र्यासह, असा तो वर्ग पाहिला गेला. कुत्रा असताना दांडगाई कमी झाली, कोपऱ्यात राहणारी मुलं इतरांत मिसळू लागली आणि मुलांचं शिक्षिकेकडे लक्षही वाढलं. एक वर्ग म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, हे खरं. पण मानसशास्त्रज्ञ आंद्रेया बेट्झ यांच्या प्रयोगांतही त्याच दिशेचं काही दिसलं. मोठ्यांवर सहजी विश्वास न टाकणाऱ्या मुलग्यांना ताणाच्या प्रसंगी खरा कुत्रा सोबत मिळाला, तेव्हा त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, कमी राहिलं. प्रेमळ माणूस किंवा खेळण्यातला कुत्रा सोबत असताना तेवढं नाही. जी मुलं कुत्र्याला जास्त गोंजारत होती, त्यांचं आणखी कमी.

म्हणजे मुलाला काय मिळतं, ते बऱ्यापैकी कळलं आहे. अडचण मुलाला कुत्र्याचा चेहरा वाचता येत नाही ही आहे, आणि त्यामागचं कारण मला फार विलक्षण वाटतं.

माणूस हसतो तेव्हा गालाच्या हाडापासून निघणारा झायगोमॅटिक स्नायू ओठांची टोकं मागे आणि वर ओढतो. दात दिसतात. 1972 मध्ये डच शास्त्रज्ञ यान व्हॅन हूफ यांनी मांडलं की आपल्या स्मिताचं मूळ वानरांच्या एका मुद्रेत आहे. ओठ आडवे ताणून, आवाज न करता दात दाखवायचे आणि 'माझ्याकडून धोका नाही' असं समोरच्याला कळवायचं. म्हणजे आपल्या वंशात दात दाखवणं लाखो वर्षांपासून सलोख्याची खूण आहे. कुत्र्याच्या बाबतीत वेगळेच स्नायू कामाला लागतात. वरचा ओठ उभा उचलला जातो, नाकावर सुरकुत्या पडतात, सुळे उघडे पडतात. अर्थ सरळ आहे: 'लांब राहा.' दोन्ही मुद्रांत दात दिसतात आणि लहान मूल चेहरा वाचताना बघतं ते मुख्यतः तोंडच. नाकावरच्या सुरकुत्या, डोळे, कान, शेपूट यांकडे त्याचं लक्ष फारसं जात नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या केर्स्टिन माइन्ट्स यांच्या गटाने लहान मुलांना कुत्र्यांच्या चित्रफिती दाखवल्या. तीन वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांहून अधिक मुलं गुरगुरणाऱ्या, दात विचकणाऱ्या कुत्र्याचा अर्थ चुकवत होती, आणि चुकणाऱ्यांत बहुतेकांचं उत्तर 'तो खुश आहे' असं होतं. खुश कुत्र्याजवळ मूल काय करणार? तोंड पुढे करून पापी घेणार. लहान मुलांना कुत्रा चावतो तेव्हा जखमा बऱ्याचदा चेहऱ्यावर आणि मानेवर का असतात, ते इथे कळतं. चावणारा कुत्राही बहुधा ओळखीचाच असतो.

पण कुत्रा एकदम चावत नाही. पशुवैद्यक केंडल शेफर्ड यांनी त्याच्या इशाऱ्यांची शिडी मांडली आहे. सुरुवात जांभई, डोळे मिचकावणं, नाक चाटणं यांपासून होते. मग मान वळवणं, पाठ फिरवणं, उठून जाणं, कान पाडून दबकणं, शेपूट पायांत घालणं. मग उताणं पडून पाय वर करणं. याला आपण 'पोट खाजव म्हणतोय' असं समजतो आणि नेमकं तेव्हाच हात लावतो. त्यानंतर अंग ताठ करून रोखून बघणं, गुरगुरणं, हवेत तोंड मारणं आणि सगळ्यात शेवटी चावा. खालच्या पायऱ्यांवर कोणी दाद दिली नाही, की कुत्रा वर चढतो. गुरगुरला म्हणून त्याला फटका मारला, तर भीती तशीच राहते आणि इशारा मात्र बंद होतो. 'काही न करता एकदम चावला' असं ज्या कुत्र्याबद्दल म्हणतात, त्याचे इशारे अनेकदा असेच दाबलेले असतात.

जाता जाता दोन भाकडकथा. कुत्रा मुलांची 'नकारात्मक ऊर्जा' शोषून घेतो, या बोलण्याला काहीही अर्थ नाही. गोंजारल्यावर जे घडतं ते मज्जासंस्थेत आणि रक्तात घडतं, आणि ते मोजता येतं. दुसरी, 'अ‍ॅलर्जी न करणाऱ्या' जातीची. अ‍ॅलर्जी केसांमुळे होत नाही. कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात असलेल्या प्रथिनांमुळे होते, आणि तशी जाहिरात होणाऱ्या जातींतही कॅन-एफ-1 हे प्रथिन कमी आढळलेलं नाही. दमेकरी मुलाच्या पालकांना या नावाखाली धीर देणं चुकीचं आहे. रेबीजची लस आणि जंतांचं औषध वेळच्या वेळी द्यायचं, हे वेगळं सांगायला नको.

मुलांना हे वाचन शिकवता येतं. माइन्ट्स यांच्या गटाने मुलांना आणि पालकांना इशारे समजावून सांगितले, तेव्हा ओळख सुधारली आणि वर्षभराने तपासलं तरी बरीच टिकून होती. तरी तीन वर्षांच्या मुलावर ही जबाबदारी टाकता येत नाही. कुत्रा खोलीत आहे तोवर त्याच्याकडेच लक्ष असलेलं एक मोठं माणूस हवं आणि कुत्र्याला निघून जाता येईल असा कोपरा हवा, जिथे त्याच्या मागे कोणीही जायचं नाही. फोटो काढणाऱ्यांनीही नाही. मोठा कुत्राही दिवसातले बारा-बारा तास झोपतो, त्यामुळे पूर्ण वेळ वर्गात बसवून ठेवणं त्याला झेपणारं नाही.

मुलांना शिकवायची पद्धत अगदी सोपी आहे. आपण कुत्र्याकडे जायचं नाही, बसल्या जागी त्याला बोलवायचं. आला तर मिठी मारायची नाही. छातीला किंवा खांद्याला बाजूने तीनेक सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तो आणखी जवळ सरकला, तर पुन्हा खाजवायचं. नुसता उभा राहिला, नाक चाटलं किंवा अंग झटकून चालू लागला, तर ताईने म्हणायचं, 'आता त्याला नको आहे,' आणि पुढचा खेळ सुरू करायचा.