सायक्लोक्रॉस: आधी चिखल ओळखा, मग टायर चढवा

हिवाळा लागला की बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये शेतं, टेकड्या आणि जंगलांतून सायक्लोक्रॉसच्या शर्यती सुरू होतात. अडीच ते साडेतीन किलोमीटरची फेरी, तीच तासभर पुन्हा पुन्हा मारायची. वाटेत लाकडी अडथळे, पायऱ्या, आणि सायकल खांद्यावर घेऊन पळायचे चढ. सायकल दिसते रस्त्यावरच्या रेसिंग सायकलसारखीच, पण टायर वेगळे. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, आणि त्याला खिळेही लावता येत नाहीत. त्यामुळे चिखल कितीही असला तरी निवडीला तीनच गोष्टी उरतात: टायरची नक्षी, त्याची बांधणी आणि आतल्या हवेचा दाब. लोक नक्षीवर तासन् तास वाद घालतात, पण दाब चुकला तर सर्वांत भारी नक्षीही वाया जाते.

डांबरी रस्त्यावर रबर खडीच्या बारीक खाचांमध्ये रुतून पकड घेतं. चिखलात तसं काही होत नाही, कारण तिथे रबर नाही, माती आधी सरकते. टायरवरचे उंच नॉब, म्हणजे रबराचे उंचवटे, मातीत घुसतात आणि पुढे जाताना तिला मागे ढकलतात. ती माती जितका कातरताण, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणारा ताण, सोसेल तितकीच पकड मिळते. हा ताण किती सोसायचा हे ठरतं मातीतल्या पाण्यावर.

शेतकरी ज्याला वापसा म्हणतो, त्या स्थितीत माती भुसभुशीत असते, औताला चिकटत नाही. त्याहून पाणी वाढलं की चिकण माती लोण्यासारखी मऊ होते, दाबली की आकार धरते आणि लागेल तिथे चिकटून बसते. आणखी पाणी घातलं की ती वाहू लागते. या सीमा मोजण्याची पद्धत स्वीडिश शास्त्रज्ञ अल्बर्ट अॅटरबर्ग यांनी १९११ मध्ये मांडली, आणि स्थापत्य अभियंते आजही तीच वापरतात. सायकलपटूला प्रयोगशाळा लागत नाही. चिमूटभर माती तळव्यांमध्ये वळून पाहावी. सुतळीएवढी वळी झाली आणि बोटांना लगदा चिकटला, तर तो सर्वांत त्रासदायक चिखल. बोटांमधून ओघळून गेली, तर तो पातळ चिखल, दिसायला भयानक पण टायरला पुष्कळ सोपा.

पातळ चिखल टायरवर टिकत नाही आणि त्याखाली बहुतेक वेळा कठीण थर असतो. तिथे उंच, एकमेकांपासून दूर असलेले नॉब हवेत, ते खालच्या थरापर्यंत पोचतात. चॅलेंज लायमस, द्युगास्ट राइनो, व्हितोरिया टेरेनो वेट, श्वाल्बे एक्स-वन बाइट हे टायर याच वर्गातले. चिकट चिखलाची गोष्ट उलटी. तिथे नॉबची उंची दुय्यम आणि मधली मोकळी जागा महत्त्वाची, कारण ती जागा भरली की टायर गुळगुळीत नळी होतो. अशा मातीत गवत आणि पालापाचोळा मिसळला तर त्यांचे तंतू लगद्याला घट्ट बांधतात. मग चिखल टायरवरून निघत नाही, ब्रेक आणि फ्रेमच्या फटीत साचतो, आणि सायकलचं वजन एक-दोन किलोंनी वाढतं. हौशी गटांत अनेक ठिकाणी ३३ मिलिमीटरची मर्यादा शिथिल असते, पण अशा दिवशी रुंद टायरचा मोह टाळावा. फ्रेम आणि टायरमधली फट कमी झाली की चाक फिरायचंच थांबतं.

टायर स्वतःला साफ करतो तो वेगाच्या जोरावर. ३३ मिलिमीटरच्या टायरसह चाकाची त्रिज्या सुमारे ३४ सेंटिमीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाला टायरवरच्या मातीला बाहेर फेकणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १४ पट असतं, ताशी १० किलोमीटरला जेमतेम सव्वादोन पट. म्हणून सपाटीवर स्वच्छ राहणारा टायर चढावर चिखलाने भरतो. मार्गात संथ चढ आणि वळणं जास्त असतील तर आणखी विरळ नक्षी घ्यावी.

बेल्जियममधला नामूरचा किल्ला हे चिखलातल्या टायरची परीक्षा घेणारं ठिकाण. म्यूझ नदीवरच्या या टेकडीवर डिसेंबरमध्ये विश्वचषकाची शर्यत होते. तिच्या प्रसिद्ध तिरक्या उतारावर सायकल सरळ जात असते आणि जमीन मात्र बाजूला कलंडलेली असते. तिथे मधले नॉब फारसे उपयोगी नाहीत, सगळा भार कडेच्या नॉबवर येतो. ते लांब असावेत, पण पायथ्याशी जाड असावेत. बारीक असले तर भार येताच वाकतात आणि सायकल खाली घसरते. एकच चिखलाचा टायर हाताशी असेल तर तो पुढे लावावा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस जमिनीवर. मागे मध्यम नक्षीचा, चॅलेंज ग्रिफोसारखा टायर चालून जातो. टायरवरचा फिरण्याची दिशा दाखवणारा बाण पाहून मगच तो बसवावा.

आता दाब. स्वार ७० किलोचा आणि सायकल ८ किलोची धरली, तर मागच्या चाकावर सुमारे ४३ किलो भार येतो. टायर जमिनीला जितक्या क्षेत्रावर टेकतो, ते क्षेत्र म्हणजे ढोबळमानाने भार भागिले दाब. २.५ बार दाबाला हे १७ चौरस सेंटिमीटर भरतं, १.४ बारला ३०. क्षेत्र वाढलं की टायर कमी रुततो आणि एका वेळी जास्त नॉब मातीत असतात. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे खरा आकडा जरा कमी येतो, पण दिशा हीच. एवढ्या वजनाच्या स्वाराने चिखलात ट्यूब्युलर (ट्यूब आत शिवलेल्या, रिमवर डिंकाने चिकटवायच्या) टायरला १.३ ते १.५ बार, म्हणजे १९ ते २२ पीएसआयपासून सुरुवात करावी. ट्यूबलेसला ०.२ बार जास्त, आणि साध्या ट्यूबला २ बारच्या खाली उतरू नये, कारण रिम आणि दगडात चिमटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन छिद्रं पडतात. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा ०.१ बार कमी.

मग सरावाच्या फेऱ्या माराव्यात. दर फेरीला ०.१ बार हवा सोडायची. मुळांवर रिम एका फेरीत दोन-तीनदा ठोकू लागली किंवा वळणावर टायर खालून वळवळला, की ०.१ बार परत भरायची. एवढ्या कमी दाबाला पंपावरच्या काट्याचा भरवसा नसतो. कमी पल्ल्याचा डिजिटल मापक घ्यावा आणि नेहमी तोच वापरावा.

थंडी इथे दगा देते. २० अंशांच्या उबदार गाडीत १.४० बार भरलेला टायर ३ अंशांच्या मैदानात आला की आतली हवा आकसते आणि मापक १.२६ दाखवतो. चिखलाच्या शर्यतीत हा फरक प्रचंड आहे. चाकं बाहेर अर्धा तास थंड होऊ द्यावीत, मगच अखेरचा दाब ठरवावा.

अनेक व्यावसायिक स्वार अजूनही ट्यूब्युलर सोडत नाहीत. सुती कापडाच्या मऊ भिंतींमुळे तो जमिनीच्या खाचखळग्यांवर लवतो, आणि तो रिमवर चिकटवलेला असल्याने ट्यूबलेससारखा कडेने हवा सोडत नाही. पण ताठ भरलेला टायर रिमला जसा स्वतः आवळून धरतो, तसा कमी दाबाचा धरत नाही. सगळी भिस्त डिंकावर. टायर आधी कोऱ्या रिमवर एक दिवस भरून ताणावा. मग रिम आणि टायरच्या तळाची पट्टी, दोन्हींना डिंकाचे दोन-तीन पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. शेवटच्या ओल्या थरावर टायर बसवावा. घाईत एकच जाड थर दिला तर तो आतून ओला राहतो आणि तिरक्या उतारावर टायर रिमवरून सुटतो. ट्यूबलेस वापरणाऱ्यांनी प्रत्येक टायरमध्ये ४० ते ६० मिलिलिटर सीलंट (छिद्रं बुजवणारा द्रव) घालावं.

आणि निर्णय शक्य तितका उशिरा घ्यावा. सकाळी गोठलेली चाकोरी दुपारी विरघळते. पाऊस थांबला की पातळ चिखल तासाभरात चिकट होऊ लागतो. २०१८ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा नेदरलँड्समधल्या वाल्केनबर्गला झाली ती अशाच जड, चिकट चिखलात. पुरुषांत बेल्जियमच्या वाऊट व्हान आर्टने ती जिंकली. अशा दिवशी स्वार अर्ध्या फेरीगणिक पिटमध्ये, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेत, सायकल बदलतात आणि मेकॅनिक पाण्याच्या फवाऱ्याने उतरवलेली सायकल धुतात. हा फवारा टायरच्या सुती भिंतीवर किंवा रिमच्या कडेवर जवळून मारू नये. पाणी डिंकाखाली शिरतं आणि कापड कुजतं. शर्यतीनंतर चाकं ओल्या फडक्याने पुसावीत, सावलीत टांगून वाळवावीत, आणि पुढच्या आठवड्यात चढवण्याआधी टायरची कड अंगठ्याने सर्व बाजूंनी रेटून पाहावी. कुठेही रिम उघडी पडली तर ते चाक शर्यतीला नेऊ नये.