गिअर घासतोय: सिंक्रो गेला की क्लच सुटत नाही?

जुन्या जीपचा किंवा जिप्सीचा गिअर टाकताना ‘खर्रर्र’ झालं की आजूबाजूचा प्रत्येक जण एकच निदान करतो: "गिअरबॉक्स गेला." घरी काम करणाऱ्याचे हात तर शिवशिवतच असतात. मग फ्लोअरची पत्री उघडते, प्रोपेलर शाफ्ट सुटतात, बॉक्स खाली येतो, नव्या सिंक्रो रिंग पडतात. सगळं परत चढवून गाडी चालू केली, की पुन्हा तोच आवाज. कारण दोष बॉक्समध्ये नव्हताच, तो बॉक्सच्या पुढे होता.

हा आवाज दोन वेगळ्या कारणांनी येतो. क्लच दाबूनही इंजिनाची ओढ पूर्ण सुटत नाही, हे एक. दुसरं म्हणजे बॉक्समधली पितळी सिंक्रो रिंग झिजलेली असते. कानाला फरक कळत नाही. खर्चात आणि मेहनतीत मात्र जमीनअस्मानाचं अंतर आहे: पहिला दोष पुष्कळदा गाडीखाली एका पान्यानं मिटतो, दुसऱ्यासाठी बॉक्स पुरा उघडावा लागतो.

आत काय घडतं ते आधी पाहू. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पाय क्लचवरून काढलेला, अशा वेळी इनपुट शाफ्ट आणि खालचा काउंटर शाफ्ट फिरतच असतात. क्लच दाबला की त्यांना इंजिनाचा रेटा मिळत नाही आणि दाट तेलात ते हळूहळू थांबतात. ‘हळूहळू’ हा शब्द लक्षात असू द्या, चाचणी करताना तो लागणार आहे. गाडी धावत असते तेव्हा चाकांकडे ताकद नेणारा मेन शाफ्ट चाकांच्या वेगाच्या प्रमाणात फिरतो आणि आपल्याला हवा असलेला गिअर वेगळ्याच वेगानं. हे दोन वेग जुळवून देणं हे सिंक्रोचं काम. धावत्या लोकलमध्ये चढणारा आधी तिच्या बाजूनं चार पावलं पळतो, तसंच हे. पितळी रिंग गिअरच्या शंकूसारख्या निमुळत्या भागावर (कोनावर) दाबली जाते, तिच्या आतल्या बारीक खाचा तेलाचा थर कापतात, घर्षणानं गिअरचा वेग बदलतो आणि मगच गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती स्लीव्ह दातांवर सरकते. खाचा झिजल्या की रिंग तेलावर घसरत राहते आणि स्लीव्ह वेग न जुळलेल्या दातांवर जाऊन आपटते.

आता बॉक्सला हात न लावता करायच्या चाचण्या. सगळ्यात आधी इंजिन बंद करून एकेक गिअर टाकून पाहा. इथंच अडकत असेल तर क्लच आणि सिंक्रो दोन्ही विसरा; लिव्हर, स्लीव्ह सरकवणारा शिफ्टिंग फोर्क किंवा तो ज्यावर बसतो ती दांडी, म्हणजे रेल, तपासा. सगळे सहज पडत असतील तर पुढे चला.

इंजिन चालू करा, गाडी उभीच ठेवा. क्लच पूर्ण दाबा, दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सच का? कारण या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे आतला शाफ्ट खरंच थांबला की नाही ते तो लपवत नाही. थांबायचं का? कारण क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स टाकला तर चांगली गाडीही खरखरते. पुष्कळ जण इथंच फसतात आणि धडधाकट गाडीला आजारी ठरवतात. दहा सेकंदांनंतरही रिव्हर्स घासत असेल, तर शाफ्टला कुठून तरी ओढ मिळते आहे. म्हणजे क्लच. जोडीला सिग्नलवर क्लच दाबून धरूनही गाडी पुढे सरकू पाहत असेल, तर शंकेला जागाच नाही.

रिव्हर्स मऊ पडला, पण चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मात्र घासतं, आणि तेही त्या एकाच गिअरला, तर संशयाची सुई सिंक्रोकडे वळते. मग डबल क्लच करून पाहा: न्यूट्रलला या, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला हलका टोला द्या, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाका. आता आवाज गेला तर सिंक्रो दमलाय. एक इशारा मात्र द्यायला हवा. ‘डबल क्लचनं आवाज जातो म्हणजे सिंक्रोच गेला’ हे सरसकट ऐकायला मिळतं, आणि ते अर्धसत्य आहे. वेग हातानं नीट जुळवला तर अर्धवट सुटणाऱ्या क्लचवरही गिअर गुपचूप पडतो. म्हणून ही चाचणी रिव्हर्सच्या चाचणीनंतरच करायची, तिच्याऐवजी नाही.

जिप्सीवाल्यांना एक जास्तीची सोय आहे. तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट असतो आणि तो बाजूनं वाकून पाहिलं तर दिसतो. चारही चाकांना ठोकळे लावा, कारण ट्रान्सफर न्यूट्रलला नेला की गिअर गाडीला धरून ठेवत नाही. आता दुसऱ्याला सीटवर बसवून ट्रान्सफर न्यूट्रलला, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला आणि गिअर पहिल्यात असं करायला सांगा. तो आखूड शाफ्ट फिरत राहिला तर क्लच सुटत नाही, याहून उघड पुरावा नको. पाहायचं बाजूनं, चालू इंजिनाच्या गाडीखाली शिरायचं नाही आणि ओढणी, सैल बाही जवळ न्यायची नाही.

जुन्या जीपच्या बाबतीत एक वेगळाच गैरसमज आहे. सीजे-३बी अमेरिकेत विलीजनं १९५३ साली आणली, आणि आपल्याकडे ती महिंद्राच्या नावानं घरोघरी ओळखीची झाली. तिचा मूळ तीन गिअरचा टी-९० बॉक्स असेल, तर त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्यालाच सिंक्रो असतो. पहिल्याला नाही. पहिला आणि रिव्हर्स एकाच सरकत्या गिअरवर चालतात. म्हणजे गाडी थोडी गडगडत असताना पहिला टाकलात तर तो घासणारच, कारखान्यातून आली तेव्हाही घासायचा. गाडी पूर्ण थांबवा किंवा डबल क्लच शिका. हिंदुस्थानभर जीपचे जुने ड्रायव्हर हेच करत आले. जिप्सीत पुढचे सगळे गिअर सिंक्रोचे, त्यामुळे तिथं ही सबब चालत नाही.

समजा क्लचच दोषी निघाला. पहिली पाहणी पेडलची. मोकळी चाल साधारण इंचभर असावी. चार बोटं असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला पुरतं दाबतच नाही. जिप्सीत केबल ताणते, तिची आवरणाजवळची टोकं फाटतात. जीपमध्ये पेडलपासून रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या क्लच फोर्कपर्यंत दांडे आणि क्रॉस ट्यूब असते, आणि ट्यूबच्या टोकांचे गोळे वर्षानुवर्षं ग्रीस न मिळाल्यानं खाल्लेले असतात. तिथली झीज नुसतं ॲडजस्टिंग नट आवळून लपते, जात नाही. पेडल दाबायला लावून प्रत्येक सांधा हातानं बघा. पेडल इंचभर खाली गेलं तरी पुढचा दांडा हललेला नसतो, ते डोळ्यांनी दिसतं.

कोकणात आणि गोव्यात एक खास प्रकार भेटतो. पावसाळाभर उभी राहिलेली जीप दसऱ्याला बाहेर काढली, की क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजानं चिकटलेली. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपांसारखं ओढ्याच्या पाण्यातून चालणाऱ्या गाडीत बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, पाणी शिरतं, इनपुट शाफ्टच्या खाचा गंजतात आणि प्लेट मागे सरकायला तयार नसते. क्रँकच्या टोकातला पायलट बुश कोरडा पडून शाफ्टला पकडत असेल, तर क्लच कितीही नवा टाका, शाफ्ट फिरतच राहणार. चिकटलेली प्लेट मोकळ्या मैदानात सुटते: इंजिन गरम करून बंद करा, वरचा गिअर टाका, क्लच दाबून धरा, स्टार्ट करा आणि पुढे जाताना ॲक्सिलरेटर झटक्यानं दाबा-सोडा. पायलट बुशला मात्र बॉक्स मागे घेण्यावाचून इलाज नाही.

हे दोन दोष नुसते दिसायला सारखे नाहीत, एकातून दुसरा जन्मतो. क्लच अर्धवट सुटत असेल तर प्रत्येक वेळी सिंक्रो रिंगला नुसत्या गिअरचा नव्हे, इंजिनाच्या ओढीचाही वेग मारावा लागतो. त्या कामासाठी ती बनलेलीच नाही. दोन-तीन वर्षं असं चाललं की रिंग खरोखर जाते. म्हणून बॉक्स खाली आला आणि रिंग झिजलेली निघाली, तरी क्लच निर्दोष ठरत नाही. बॉक्स उतरलाच आहे तर पायलट बुश आणि रिलीज बेअरिंग बदलून टाका. त्यांची किंमत मजुरीच्या मानानं किरकोळ असते.

आणि सिंक्रोच गेला असेल तर? टी-९० मागच्या स्पायसर ट्रान्सफर केससकट उतरतो आणि वेगळा करताना खरी फजिती होते. ट्रान्सफर केस मागे ओढला की मेन शाफ्टही त्याच्याबरोबर येऊ पाहतो, आणि सिंक्रोचा गठ्ठा बॉक्सच्या तळाशी कोसळतो. त्यासाठी वरचं कव्हर काढून मेन शाफ्टवर दुसऱ्या गिअरच्या मागे जाड वायरचा फास आवळून घ्यायचा. शाफ्टचं पुढचं टोक इनपुट शाफ्टच्या पोकळीत सुट्या रोलरवर बसतं. काढताना ते मोजून ठेवा, बसवताना दाट ग्रीसमध्ये चिकटवा. स्लीव्ह आणि हब वेगळे करण्याआधी दोन्हींवर खूण करा.

रिंग तपासायची पद्धत सोपी. ती गिअरच्या कोनावर हातानं दाबून बसवायची आणि रिंग व गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तीन ठिकाणी मोजायची. नवी असताना ही फट बहुतेक बॉक्सांत मिलिमीटरच्या आसपास असते. अर्ध्यावर आली की रिंगचे दिवस भरले. मर्यादेचा आकडा मात्र त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलचाच धरायचा. मग गिअरचे बाजूचे छोटे दात पाहा. त्यांची टोकं छपरासारखी धारदार हवीत. गोल झाली असतील तर नवी रिंग टाकून उपयोग नाही, गिअर आणि स्लीव्हही बदलावे लागतील. कुर्ल्यातून जुना बॉक्स सुटे भाग म्हणून आणत असाल तर कव्हर उघडून दुसऱ्या गिअरचे हेच दात आधी पाहायचे, पैसे नंतर.

तेलाबद्दल दुकानदाराचं ऐकू नका. डिफरन्शियलसाठीचं जीएल-५ दर्जाचं गिअर तेल ‘जास्त भारी’ म्हणून बॉक्समध्ये ओतलं जातं. ते पितळी रिंगला हवी तेवढी पकड घेऊ देत नाही, आणि त्यातली काही तेलं पितळ खातात. मग धड सिंक्रोसुद्धा घासू लागतो आणि निदानाचा घोळ वाढतो. मॅन्युअलमधलं तेल, बहुतेकदा जीएल-४, आणि टी-९० असेल तर साधं खनिज तेल.

गिअर घासत नाही पण उतारावर पाय काढला की दुसरा आपोआप निसटतो, हा तिसराच रोग. त्याला सिंक्रो रिंग किंवा क्लच जबाबदार नसतो. शाफ्टची पुढे-मागे चाल, थ्रस्ट वॉशर, रेलचे दमलेले स्प्रिंग आणि फोर्कची झीज, शोध तिथं घ्यायचा.